मुंबईतील दूधविक्रेत्यांचे परवाने व आरोग्य तपासणी : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : शहरांच्या आरोग्याचा इतिहास लिहिताना साथीचे रोग, पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने जाते. दुधावरील नियंत्रणाचा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. भेसळीचे दायित्व कायद्याने कोणावर टाकले, हे मुंबईच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

तपासणी व परवाना : मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ४१४ अन्वये विक्रीस ठेवलेल्या अथवा फिरून विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांच्या नियमित तपासणीची जबाबदारी आयुक्तांवर सोपविलेली आहे. दूधविक्रीस परवाना आवश्यक करणारे कलम ४१२-अ मागाहून जोडले गेले, हे त्याच्या क्रमांकावरूनही लक्षात येते. परवान्यामुळे विक्रेता व त्याची जागा नोंदीत आली. परंतु गोठ्यापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचा दुधाचा प्रवास नोंदीबाहेरच राहिला.

तपासणीचे साधनही अपुरे होते. दुधात पाणी घातल्यास त्याची घनता घटते, तर साय काढल्यास ती वाढते. दोन्ही गोष्टी एकत्र केल्यास लॅक्टोमीटरला भेसळ उमगत नाही. स्निग्धांश व इतर घनपदार्थांचे प्रमाण प्रयोगशाळेतच निश्चित करावे लागते. एल. एल. जोशी यांनी १९१६ मध्ये भारतीय शहरांतील, विशेषतः मुंबईतील, दूधप्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते.

दायित्वाचा प्रश्न : अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम, १९५४ नुसार मालाच्या स्वरूपाविषयीचे अज्ञान हा विक्रेत्याचा बचाव ठरत नव्हता. उत्पादकाची वा वितरकाची लेखी हमी दाखविणाऱ्यास मात्र संरक्षण मिळे. मोठ्या दुकानदारास अशी हमी मिळविणे सुलभ होते. तबेल्यातून दूध उचलून घरोघरी रतीब घालणाऱ्या भय्याजवळ असा कागद असण्याची शक्यता कमीच होती. १९६४ च्या दुरुस्तीने किमान सहा महिने कारावासाची तरतूद केल्यानंतर ही विषमता अधिकच तीव्र झाली.

याउलट १९४९ मध्ये गोरेगाव येथे स्थापन झालेल्या आरे दुग्ध वसाहतीमागील विचार भिन्न होता. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने शहरातील तबेल्यांतील म्हशी तेथे हलविण्यात आल्या. येथे विक्रेत्यावर पाळत ठेवण्याऐवजी दुधाच्या उगमस्थानाचीच व्यवस्था बदलण्यात आली.

निष्कर्ष : अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला व १९५४ चा अधिनियम रद्द झाला. नव्या अधिनियमात फेरीवाल्यांना परवान्याऐवजी केवळ नोंदणीची तरतूद करण्यात आली. नमुना शेवटच्या हातातून घेतला जातो, म्हणून दोषही तेथेच शोधला जातो, ही जुनी प्रवृत्ती मात्र केवळ कायदा बदलल्याने संपत नाही. शुद्ध दूध हा बालकांचा हक्क आहे. त्याचे रक्षण करताना दुर्बल विक्रेत्यावर अन्याय होऊ नये, यासाठी तपासणीचा प्रारंभ गोठ्यापासून होणे आवश्यक आहे, असे म्हणता येईल.