वेष्टनावरील एकक आणि व्यवहारातील माप : जालना परिसराच्या संदर्भात एक विचार

मालाच्या वेष्टनावर कोणते एकक छापावे, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो; युरोपात मात्र तो राजकीय वादाचा विषय ठरला. युरोपीय समुदायाच्या ८०/१८१ क्रमांकाच्या निर्देशाने मेट्रिक आकड्याशेजारी पौंड-औंसांची पूरक नोंद करण्यास दिलेली मुभा २००९ अखेर संपणार होती. परंतु अमेरिकेच्या कायद्यानुसार बहुतेक वेष्टनांवर दोन्ही पद्धतींचे आकडे आवश्यक असल्याने एकाच मालासाठी दोन वेष्टने छापावी लागतील, अशी उद्योगांची तक्रार होती. अखेर २००९ च्या दुरुस्तीने ती मुभा कायम झाली.

भारताची वाट निराळी होती. १९५६ च्या कायद्यानुसार ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली व १ एप्रिल १९६२ पासून सक्तीची झाली. १९७७ च्या नियमांनी वेष्टित मालाला शिस्त लावली. २००९ च्या वैध मापन कायद्याचे कलम ११ तर भाव सांगताना वा जाहिरात करतानाही अप्रमाणित एककाला मनाई करते.

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. एका दशकाच्या आसपास येथील माणसाचा हाली सिक्का गेला, १९५६ मध्ये राज्य बदलले, १९५७ मध्ये नवा पैसा आला आणि पाठोपाठ शेरही गेला. यातील शेवटचा बदल केवळ नावाचा नव्हता. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणून त्याचे किलोत रूपांतर सोपे होते. पायली, मापटे, चिपटे ही मात्र आकारमानाची मापे. धान्य ओले की सुके, माप सपाट की शिगेचे, यावर त्यांतील वजन ठरे. शिगेवरचे मूठभर धान्य कोणाचे, हा प्रश्न काट्याने निकालात काढला. जुन्या मापांविषयीच्या हळव्या लेखनात ही बाजू सहसा येत नाही.

तरीही एककाची सक्ती म्हणजे मापाचा अंत नव्हे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शेतकरी कापूस क्विंटलने विकतो; त्याच कापसाच्या रुईचा भाव व्यापारी खंडीत बोलतात. ही खंडी ७८४ पौंडांची. आज ती ३५६ किलो म्हणून सांगितली जाते, इतकेच.

याहून बोलके उदाहरण बियाण्याचे आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको स्थापन केल्यापासून जालन्याची ओळख बियाण्यांशी जोडली गेली. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली, तेव्हा पाकिटावर ४५० ग्रॅम हे वजन होते व सोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे असे. छपाई पूर्णतः मेट्रिक आणि कायदेशीर. पण हा ४५० चा आकडा एका एकराच्या पेऱ्यासाठी ठरलेला होता. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते, आणि दुकानात शेतकरी विचारतो, "तीन एकराला किती पिशव्या लागतील?"