दत्तक मुलांचे संगोपन : शैशवापासून किशोरवयापर्यंत

मराठी मुलखाला दत्तकाची परंपरा नवी नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक गेला आणि पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड म्हणून कीर्तिमान झाला. असे दत्तकविधान चारचौघांसमक्ष होई. त्यात लपविण्यासारखे काही नसे. मात्र हेतू वंश आणि वारसा चालविण्याचा असे. आजचा कायदा उलट बाजूने पाहतो. मुलाला कुटुंब मिळावे, हा २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचा उद्देश असून, तो सर्व धर्मीयांना लागू आहे. प्रक्रिया केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत चालते. मूल घरी आल्यावर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, त्याच्या प्रगतीची पाहणी होते. त्यापुढचा प्रवास मात्र कुटुंबाचा स्वतःचा असतो.

शैशव : शिशुगृहातील बाळाला अनेक हातांची सवय असते. ते कोणाकडेही हसत जाते, याचे नातेवाइकांना कौतुक वाटते. पण अद्याप कोणीही त्याचे स्वतःचे झालेले नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो. म्हणून पहिले काही महिने भरवणे, न्हाऊ घालणे, झोपवणे ही कामे शक्यतो आईवडिलांनीच करावीत. आप्तेष्टांचा उत्साह थोडा आवरावा लागला तरी चालेल.

तीन ते पाच वर्षे : ‘दत्तक’ हा शब्द याच वयात, प्रेमाने उच्चारलेला, कानी पडावा. मूल घरी आले त्या दिवसाची गोष्ट छायाचित्रांसह वारंवार सांगावी. मुलाला तिचा पूर्ण अर्थ कळत नाही. पण सांगणाऱ्याच्या आवाजातील मोकळेपणा कळतो.

सहा ते अकरा वर्षे : जन्म देणे आणि दत्तक घेणे यांतील भेद साधारणतः सहा-सात वर्षांच्या सुमारास उमगू लागतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रॉडझिन्स्की यांच्या अभ्यासातून दिसून आले. आपल्याला कोणी घेतले म्हणजे आधी कोणी तरी सोडले, हे मुलाच्या ध्यानात येते. ‘मला का दिलं?’ या प्रश्नाला उत्तर देताना जन्मदात्रीची निंदा करू नये आणि कल्पित कथाही रचू नये. तो निर्णय मोठ्यांच्या परिस्थितीतून झाला, त्यात मुलाचा दोष नव्हता, हे स्पष्ट सांगावे. माहिती नसेल तर ‘आम्हालाही ठाऊक नाही’ म्हणावे. शाळेतील वंशावळीचा तक्ता किंवा शेजाऱ्यांचे ‘किती नशीबवान आहेस!’ हे उद्गार मुलाला बोचू शकतात. उपकाराचे ओझे वाहणे हे मुलाचे काम नव्हे.

किशोरवय : ‘मी कोण?’ हा प्रश्न या वयाच्या केंद्रस्थानी ठेवणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांना सावत्र वडिलांनी दत्तक घेतले होते. जन्मदात्या पित्याची ओळख त्यांना अखेरपर्यंत कळली नाही. ‘तुम्ही माझे खरे आईबाबा नाही’ हे वाक्य रागाच्या भरात येऊ शकते. त्याला ‘एवढं करूनही?’ असे प्रत्युत्तर देऊ नये. मूळ शोधण्याची इच्छा म्हणजे कृतघ्नता नव्हे. नियमांनुसार अठरा वर्षांनंतर व्यक्ती स्वतः, तर त्यापूर्वी दत्तक पालकांसह, मूळ शोधासाठी अर्ज करू शकते. त्रयस्थाला ही मुभा नाही. जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवण्याची विनंती केली असल्यास त्यांची संमती लागते.

पालकांची सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘मोठे झाल्यावर सांगू’ ही टाळाटाळ. मालमत्तेच्या वादात भाऊबंदांच्या तोंडून किंवा जुन्या कागदपत्रांतून सत्य कळले, तर मूल जन्मकथेपेक्षा त्या मौनानेच अधिक दुखावते आणि आजवरचे सारे प्रेमही त्याला संशयास्पद वाटू लागते. लहानपणापासून ठाऊक असलेली गोष्ट मात्र त्याच्या आयुष्याचा साधा भाग बनून राहते.