चिमूर आणि युरोपचें महायुद्ध

युद्धाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार कारणांचा शोध राजधान्यांत घेतात आणि परिणामांची मोजदाद तहाच्या कलमांत करतात. ही पद्धति सोयीची खरी. परंतु तिच्यामुळें एक गोष्ट दृष्टीआड होते. युद्धाचीं कारणें थोड्यांच्या हातीं असतात. परिणाम मात्र ज्यांना कारणांची वार्ताहि नसते अशांच्या वांट्यास येतात. १९३९ ते १९४५ च्या महायुद्धाविषयीं हें विधान पडताळून पाहावयाचें असेल, तर वाचकांनीं चांदा जिल्ह्यांतील चिमूर गांवाकडे पाहावें. आज चांद्याचें नांव चंद्रपूर झालें आहे व १९८२ सालीं त्यांतून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला आहे. त्या काळीं मात्र हा सारा अरण्यमय मुलूख एकाच जिल्ह्यांत मोडत असे. बालाजीच्या देवळासाठीं व घोडायात्रेसाठीं प्रसिद्ध असलेलें चिमूर ताडोबाच्या रानाच्या उत्तरेस, आगगाडीच्या वाटेपासून दूर वसलेलें होतें.

युद्धाचीं युरोपीय कारणें थोडक्यांत सांगतां येतात. २८ जून १९१९ च्या व्हर्सायच्या तहानें जर्मनीवर पहिल्या युद्धाचा दोष आणि दंडाचा बोजा लादला. १९२९ नंतरच्या मंदीनें तेथील लाखों लोकांना बेकार केलें. अपमान आणि उपासमार यांच्या संगमांतून १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता गेली. १९३८ च्या सप्टेंबरांत म्यूनिक येथें ब्रिटन-फ्रान्सनीं चेकोस्लोव्हाकियाचा लचका देऊन शांतता विकत घेतली; ती वर्षभरहि टिकली नाहीं. ऑगस्ट १९३९ मध्यें रशियाशीं करार करून पाठ मोकळी होतांच हिटलरनें १ सप्टेंबरला पोलंडवर चाल केली, आणि ३ सप्टेंबरला ब्रिटन व फ्रान्स युद्धांत उतरले.

त्याच दिवशीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं हिंदुस्थानहि युद्धांत असल्याचें जाहीर केलें. कायदेमंडळास विचारण्याची गरज त्यांना भासली नाहीं. निषेध म्हणून नोव्हेंबरांत मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या शुक्ल मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. ऑगस्ट १९४१ मध्यें अटलांटिक सनदेनें प्रत्येक राष्ट्राचा आपलें शासन निवडण्याचा हक्क घोषित केला. सप्टेंबरांत चर्चिलसाहेबांनीं हा हक्क मुख्यतः नाझींच्या टांचेखालच्या राष्ट्रांसाठीं असल्याचा खुलासा केला. पुढील एप्रिलांत क्रिप्सची शिष्टाईहि फसली.

अरण्यांत युद्ध आलें तें तोफांच्या आवाजानें नव्हे, बाजारभावाच्या रूपानें आलें. मार्च १९४२ मध्यें रंगून पडलें आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ येणें बंद झालें. लष्करासाठीं येथें खरेदी होणाऱ्या मालाची बरीचशी किंमत लंडनमध्यें पौंडांत हिंदुस्थानच्या नांवें जमा होई, आणि त्या जमेच्या आधारावर येथें नोटा छापल्या जात. माल देशाबाहेर अगर छावणींत गेला, कागद मात्र खेड्यांत राहिला. परिणामीं १९४५ पर्यंत घाऊक भाव युद्धापूर्वींच्या सुमारें अडीचपट झाले. मोहफुलें आणि लाख विकून मीठ, कापड व रॉकेल घेणाऱ्या गोंडाला पौंडाच्या जमेचें गणित ठाऊक नव्हतें. रुपयाला पूर्वींइतकें कांहीं मिळत नाहीं एवढें कळत होतें. पूल, छावण्या व आगगाडीचे स्लीपर यांसाठीं देशभरच्या जंगलांवर लाकडाची मागणी येऊन पडली. आपल्या गरजेपुरती फांदी तोडतांना रखवालदाराला भिणाऱ्या रानकऱ्यानें सरकारच्या गरजेला मर्यादा नसल्याचें पाहिलें.

अशा वेळीं ९ ऑगस्ट १९४२ रोजीं राष्ट्राचे पुढारी तुरुंगांत गेले. चिमूरला तुकडोजी महाराजांच्या भजनांनीं लोकांचीं मनें आधींच चेतलेलीं होतीं. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशीं, मिरवणूक निघाली. पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत बालाजी रायपूरकर हा तरुण पडला. मग जमावाचा तोल सुटला. डाकबंगल्याला आग लागली आणि चार सरकारी नोकरांचे प्राण गेले. हे चौघेहि याच देशाचे पुत्र होते. लिनलिथगोंच्या घोषणेंत त्यांचाहि हात नव्हता. चिमूरचा गौरव करणाऱ्यानें हें पान उलटून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

दोन-तीन दिवस गांवावर सरकारची सत्ता उरली नाहीं. नंतर गोरे सैनिक आले. त्यांनीं घरोघर शिरून पुरुषांची धरपकड केली, आणि स्त्रियांवर जे अत्याचार केले त्यांच्या हकीकती ऐकून डॉ. मुंजे यांच्यासारखे काँग्रेसचे विरोधकहि व्यथित झाले. चौकशीची मागणी सरकारनें फेटाळली, व वृत्तपत्रांवर बंधन घातलें. तेव्हां सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी दिल्लीस, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद लोकनायक अणे यांच्या दारीं गेले. अणे वणीचे, म्हणजे वर्धा नदीपलीकडचे शेजारी. परंतु त्यांच्या पदाच्या हातांत चौकशी नव्हती. ११ नोव्हेंबरपासून १२ जानेवारी १९४३ पर्यंत, ६३ दिवस, भन्साळींचें उपोषण चाललें. त्याच्या बातमीवर बंदी आली म्हणून ६ जानेवारीस देशांतील अनेक वृत्तपत्रांनीं आपला अंक काढला नाहीं. आष्टी-चिमूर खटल्यांतील कित्येकांना फाशीची शिक्षा झाली. ती टाळावी म्हणून अनसूयाबाई काळे यांनीं अविश्रांत खटपट केली, व अखेर १९४५ सालीं उरलेल्यांची शिक्षा जन्मठेपेवर आली.

येथें एक आक्षेप विचारांत घेतलाच पाहिजे. हिटलरचा पाडाव होणें मानवजातीच्या हिताचें नव्हतें काय? निःसंशय होतें. छळछावण्यांतील कृत्यें उघडकीस आल्यावर त्याविषयीं दुमत उरूं नये. चिमूरची बातमी बर्लिनच्या रेडिओवरून दिली गेली, असें त्या भागांत अभिमानानें सांगतात. परंतु ज्या बर्लिननें पोलंड चिरडला त्याला चिमूरच्या स्वातंत्र्याचा कळवळा असणें शक्य नव्हतें. शत्रूची अडचण एवढाच त्याला रस. मात्र हिटलर दुष्ट होता म्हणून त्याच्याशीं लढणाऱ्याचें प्रत्येक कृत्य न्याय्य ठरत नाहीं. वॉर्साच्या स्वातंत्र्यासाठीं शस्त्र उचलणाऱ्या सत्तेनें चिमूरची चौकशीसुद्धां नाकारावी, यांत त्या युद्धाचें नैतिक वैगुण्य स्पष्ट दिसतें.

हेंच वैगुण्य साम्राज्याला महाग पडलें. सुमारें पंचवीस लाख हिंदी सैनिक उभे करून ब्रिटननें युद्ध जिंकलें. पण तोंवर तें स्वतःच हिंदुस्थानचें कर्जदार झालें होतें, आणि लोकांच्या संमतीचा उरलासुरला देखावाहि संपला होता. संगिनीच्या बळावर खेडें ताब्यांत घेतां येतें, तेथें वर्षानुवर्षें राज्य करतां येत नाहीं, हें १९४२ नें दाखविलें. पांच वर्षांत राज्य गेलें.

परंतु लाभाची बाजू लिहितांना हानीची बाजू पुसूं नये. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत सुमारें तीस लाख माणसें मेलीं. त्यांनीं ना डान्झिगचें नांव ऐकलें होतें, ना व्हर्सायचें. चिमूरच्या स्त्रियांना न्यायासन कधींच मिळालें नाहीं. युरोपच्या युद्धाचीं कारणें शिकवितांना आपल्या शाळांतून तहांच्या तारखा पाठ करून घेतात. त्या तारखांच्या रांगेंत १६ ऑगस्ट १९४२ ही तारीख बसवावी. म्हणजे कारण आणि परिणाम यांच्यामधलें अंतर किती लांबीचें असतें, आणि तें कोणाच्या आयुष्यांतून जातें, हें विद्यार्थ्यास नकाशावर बोट ठेवून दाखवितां येईल.