घरगुती संगणक आणि खेळ

खोपोलीच्या वीजगृहांतून १९१५ सालीं आणि भिवपुरीच्या वीजगृहांतून १९२२ सालीं मुंबईकडे वीज जाऊं लागली. खालापूर व कर्जत तालुक्यांतून विजेचा प्रवास असा शहराकडे झाला. संगणकाचा मात्र उलट, शहरांकडून या गांवांकडे. १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत अमेरिकेंत आयबीएमचा 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर झाला. दोहोंचा संबंध अर्थातच कांहीं नाहीं; पण सन लक्षांत ठेवावयास सोयीचा.

संगणकावरील खेळ या यंत्राहून जुना आहे. १९६२ सालींच एमआयटींतील तरुणांनीं कपाटांएवढ्या यंत्रावर 'स्पेसवॉर' रचला होता. आयबीएमचें यंत्र कचेरीसाठीं होतें. खेळ त्यांत चोरपावलांनीं शिरला. १९९० च्या विंडोजबरोबर पत्त्यांचा 'सॉलिटेअर' आला. पत्ते उचलतां ठेवतां माउसची जी संवय हातास लागली, ती कोणत्याहि वर्गांत इतक्या सुखानें लागली नसती. आमच्या घरांतून हें यंत्र 'अभ्यासासाठीं' घेतलें जाई आणि वडील बाहेर पडतांच मुलें 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावीत! २००१ नंतर एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी वर्गांमुळें, ज्यांच्या घरीं यंत्र नव्हतें त्यांनाहि माउस धरावयास मिळाला.

तो वेळ वाया गेला असें वडीलधारी मंडळी म्हणत. आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. ज्या यंत्रावर खेळावयाचें त्यावरच खेळ रचतांहि येतो, हें संगणकाचें वैशिष्ट्य होय. 'कन्सोल'वर मात्र कंपनीच्या संमतीवांचून कोणाचा खेळ विक्रीस जात नाहीं.

पुण्याच्या 'नोडिंग हेड्स गेम्स' या लहानशा मंडळीनें 'राजी' हा खेळ रचला. असुरांनीं पळविलेल्या भावाच्या शोधास निघालेली मुलगी ही त्याची नायिका. तिची कथा दुर्गा आणि विष्णु सांगतात. वाडे राजस्थानी वळणाचे. २०१७ सालीं मंडळीनें लोकवर्गणी मागितली, पण ठरलेली रक्कम जमली नाहीं. तरीहि काम सोडलें नाहीं. २०२० च्या ऑगस्टांत खेळ निघाला, तो आधीं एका कन्सोलवर. संगणकावर ऑक्टोबरांत आला. आमच्या वरील विधानास हा क्रम किंचित् प्रतिकूल आहे खरा; पण त्याची जुळणी झाली ती संगणकावरच. पुण्यांत घडलेल्या या खेळांतील दुर्गा व विष्णु प्रथम इंग्रजींत बोलले. हिंदी आवाज पुढें जोडण्यांत आला.