चित्रपट : फितीपासून अंकापर्यंत

बडोद्यात चित्रपटाच्या इतिहासाविषयी बोलावयाचे, तर प्रारंभ कलाभवनापासून करणे प्राप्त आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षणानंतर, धुंडिराज गोविंद फाळके दाखल झाले. चित्रकलेच्या जोडीला छायाचित्रण आणि साचेकाम त्यांनी येथे आत्मसात केले. पुढे रतलामला त्रिरंगी ठसे बनविण्याची विद्या मिळविली. या तपशिलाचा मुद्दाम उल्लेख करण्याचे कारण असे की, आपला चित्रपट कथाकाराच्या मेजावर जन्मण्यापूर्वी रसायनांच्या वासात आणि कारागिराच्या हातांत घडला. १९१२ मध्ये फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रेसुद्धा नसत. ती पाडण्याचे काम सरस्वतीबाई रात्री, घरकाम आटोपल्यावर, अंधारात करीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, तो अशा हातांनी हाताळलेल्या फितीवरून.

ही फीत जवळपास शंभर वर्षे टिकली. तिच्या जागी डिजिटल, म्हणजे अंकीय तंत्रज्ञान आले, ते एका दिवशी आले नाही आणि कॅमेऱ्यापासूनही आले नाही. १९९०च्या दशकात ते प्रथम संकलकाच्या टेबलावर आणि ध्वनिमुद्रणात शिरले. १९९३च्या 'जुरासिक पार्क'ने संगणकनिर्मित प्राणी खऱ्या नटांबरोबर धावताना दाखविले, तर १९९५ मध्ये 'टॉय स्टोरी' हा संपूर्ण चित्रपटच संगणकावर तयार झाला. डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झालेला 'स्टार वॉर्स' मालिकेतील चित्रपट २००२चा. कॅमेऱ्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मात्र मुंबईत सुटला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. डॅनी बॉईल यांच्या 'स्लमडॉग मिलिअनेअर'चा (२००८) बराचसा भाग लहानशा डिजिटल कॅमेऱ्यांनी येथील वस्त्यांच्या अरुंद गल्ल्यांत टिपला गेला. तेथे मोठी यंत्रसामग्री नेणेच अवघड होते. छायाचित्रणकार अँथनी डॉड मँटल यांना त्यासाठी २००९ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा आश्रय घेतला, आणि २०१३ मध्ये फुजीने चित्रीकरणाची फिल्म बनविणे थांबविले.

फितीवर मिनिटाला नव्वद फूट फिल्म खर्ची पडते. दिग्दर्शकाच्या प्रत्येक 'पुन्हा एकदा'ला किंमत होती, म्हणून तालमी होत आणि कॅमेरा सुरू होण्यापूर्वी विचार पूर्ण होई. हा धाक आता उरलेला नाही. त्यामुळे ज्यांना कधीच संधी मिळाली नसती अशांच्या हाती कॅमेरा आला, हे मोठे इष्ट घडले. आणि निर्णय पुढे ढकलण्याची सवय लागली, हे फारसे इष्ट झाले नाही.

परंतु माझ्या मते खरा पालट निर्मितीत नव्हे, वितरणात झाला. आणि महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या मराठी वस्त्यांना त्याचे महत्त्व अधिक आहे. फितीच्या काळी चित्रपट ही एक जड वस्तू होती. अडीच तासांच्या चित्रपटाची लांबी साडेतेरा हजार फूट भरे. हजार फुटांचे एक, अशी चौदा रिळे डब्यांत बंद होऊन गावोगाव फिरत. एका प्रिंटला पन्नास हजारांहून अधिक रुपये पडू लागले, तेव्हा मराठी निर्मात्याला मोजक्याच प्रिंट काढणे परवडे. त्या आधी पुण्या-मुंबईला, मग कोल्हापूर-नागपूरला. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी प्रेक्षकांची पाळी सर्वांत शेवटी, बहुधा एखाद्या मंडळाने ठरविलेल्या रविवार सकाळच्या खेळापुरती. तोवर फितीवर इतके ओरखडे पडलेले असत की पडद्यावर अखंड पाऊस पडे. आपण तो पाऊस चित्रपटाचाच भाग समजून पाहत आलो!

२००५च्या सुमारास उपग्रहाद्वारे चित्रपट थेट चित्रगृहातील सर्व्हरवर पोहोचविण्याची व्यवस्था भारतात उभी राहिली. हॉलिवूडच्या कंपन्यांनी त्याच वर्षी डिजिटल प्रक्षेपणाचे काटेकोर आणि खर्चिक मानदंड प्रसिद्ध केले होते. आपल्याकडील व्यावसायिकांनी त्याहून कमी दर्जाची, पण तालुक्याच्या चित्रगृहाला झेपेल अशी यंत्रणा बसविली आणि तिचे मोल दर खेळामागे आकारले. शुद्धतेच्या दृष्टीने ही तडजोडच. परंतु तिच्यामुळे लहान गावातील प्रेक्षकाला पहिल्या शुक्रवारी, ओरखड्यावाचून, चित्रपट दिसू लागला. एप्रिल २०१६ मध्ये 'सैराट' आला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला, त्यामागे कथेचे सामर्थ्य आहेच. पण मूठभर प्रिंटच्या जमान्यात इतक्या पडद्यांवर तो एकाच वेळी पोहोचलाच नसता. अर्थात पहारेकरी नाहीसा झाला असे नाही, तो बदलला. या यंत्रणांच्या शुल्कावरून मार्च २०१८ मध्ये दक्षिणेतील निर्मात्यांनी नवे चित्रपट प्रदर्शित करणेच थांबविले होते.

सर्वत्र एकदम पोहोचणारा चित्रपट सर्वत्र एकदम उतरतोही. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. लोक तो परत परत पाहत, घरी जाऊन शेजाऱ्यांना सांगत, आणि त्या सांगण्यातून नवा प्रेक्षक तयार होई. आता दोन आठवड्यांत निकाल लागतो. प्रेक्षागृहातील समुदाय पांगण्यास डिजिटल तंत्रच कारण झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. १९८०च्या दशकातील व्हीसीआर आणि त्यानंतरची केबल यांनी ते काम आधीच सुरू केले होते. १९९७ नंतरच्या मल्टिप्लेक्सने तिकिटाच्या दराने प्रेक्षकांची प्रतवारी केली. मोबाईलच्या पडद्याने उरलेले पूर्ण केले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे चित्रगृहे बंद झाली, आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल', ज्याच्या पटकथेला त्याच वर्षी व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळाले, एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. पुणे, बडोदे आणि न्यू जर्सी यांना तो एकाच दिवशी मिळाला. पाळी संपली, हे खरे. परंतु रविवार सकाळच्या खेळानंतर चित्रगृहाच्या पायऱ्यांवर रेंगाळणारी मराठी बोलीही त्याबरोबर कमी झाली. ज्या शहरात आपली भाषा रस्त्याची नाही, तेथे ही हानी पुण्यापेक्षा अधिक जाणवते.

शेवटचा प्रश्न जतनाचा. फीतही अमर नव्हती. पहिल्या भारतीय बोलपटाची, १९३१च्या 'आलम आरा'ची, एकही प्रत उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म संस्थेच्या, म्हणजे पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या, आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि दुर्मीळ रिळे भस्मसात झाली. उलट, १९९३ च्या लंडनमधील आगीत होरपळलेल्या 'पथेर पांचाली'च्या निगेटिव्हचा बराच भाग इटलीतील तंत्रज्ञांनी रसायनांनी मऊ करून डिजिटल यंत्राने उतरविला, आणि २०१५ मध्ये तो चित्रपट नव्या तेजाने पडद्यावर आला. तेव्हा अंकाने फितीला वाचविलेही आहे. पण अंकाला कोण वाचविणार? ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार एका चित्रपटाची मूळ फिल्म जपण्यास वर्षाला १,०५९ डॉलर लागत, तर त्याच्या डिजिटल मूळ प्रतीस १२,५१४. कारण फिल्म थंड, कोरड्या खोलीत स्वस्थ पडून राहते. फाईल दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवीत राहावी लागते, नाही तर ती वाचणारे यंत्रच उरत नाही. 'टॉय स्टोरी २' (१९९९) तयार होत असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फाईली पुसल्या जाऊ लागल्या, राखीव प्रतही सदोष निघाली. तंत्रविभागातील एका बाईंनी घरून काम करण्यासाठी नेलेल्या प्रतीमुळे तो चित्रपट वाचला. एवढ्या मोठ्या स्टुडिओची ही कथा. मग एकाच चित्रपटासाठी कर्ज काढून पुढे व्यवसाय सोडलेल्या मराठी निर्मात्याची हार्ड डिस्क आज कोणाच्या कपाटात असेल?

फाळक्यांनी १९१७ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पुन्हा तयार केला. पुण्याच्या संग्रहालयात उरलेली रिळे १९१३ची की १९१७ची, याविषयी अभ्यासकांत अजून एकवाक्यता नाही. शंभराहून अधिक वर्षांनीही ती रिळे यंत्रावर चढवून पाहता येतात आणि वाद पुढे चालवता येतो.