नंबरप्लेट, घरपट्टी आणि गावची वेस



दरवर्षी गणपतीच्या आधी मुंबईहून माझ्या चुलतभावाचा फोन येतो. आम्ही त्याला भाई म्हणतो. देवगड तालुक्यातल्या आमच्या घराचा रंग, कौलं, भटजींची दक्षिणा असं सगळं बोलून झालं की शेवटी तो हमखास विचारतो, "काय रे, औंदा पास होयो काय?" फोनवर बाकीचे हसतात. मला अजून हसू येत नाही. त्यामागची गोष्ट २०२० सालची आहे. पण ती सांगण्याआधी थोडा इतिहास सांगतो. तो वाचल्यावर मला स्वतःचाच जरा वेगळा हिशोब लागला.

मार्च २०२० मध्ये मी, बायको आणि तीन वर्षांची मुलगी एडिसनच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये अडकलो होतो. दोघांची ऑफिसं घरातच आणि बाहेर दिवसभर ॲम्ब्युलन्सचे आवाज. आम्ही चार मित्रांनी मिळून पोकोनोजमध्ये एक जुनं लाकडी घर घेतलं होतं. चौघांत ज्यांना लहान मूल, ते आम्हीच, म्हणून चावी आमच्याकडे आली. सामान भरलं, डेलावेअर नदी ओलांडली आणि पेनसिल्व्हेनियात पोचलो. तिसऱ्या दिवशी तिथल्या दुकानातून दूध घेऊन बाहेर आलो तर गाडीच्या काचेवर चिठ्ठी : 'परत जा. आमच्याकडे तुमच्यासाठी बेड नाहीत.' गाडीला न्यू जर्सीची प्लेट होती, एवढाच काय तो पुरावा. माझा संताप संताप झाला. घर आमच्या नावावर, प्रॉपर्टी टॅक्स आम्ही भरतो, हे कोण आम्हाला हाकलणार?

त्या दिवसांत हे सगळीकडे चाललं होतं. २६ मार्चला ऱ्होड आयलंडच्या गव्हर्नर जीना रायमोंडो यांनी जाहीर केलं की न्यू यॉर्कहून येणाऱ्यांनी चौदा दिवस क्वारंटाईन व्हायचं. दुसऱ्या दिवसापासून पोलीस न्यू यॉर्कची प्लेट दिसली की गाडी थांबवू लागले. समुद्रकाठच्या गावांत नॅशनल गार्डचे लोक दारोदार चौकशी करू लागले. न्यू यॉर्कचे गव्हर्नर कुओमो म्हणाले, कोर्टात खेचीन. दोन दिवसांत ऱ्होड आयलंडने नियम बदलला. रद्द नाही केला, तर एका राज्याऐवजी सगळ्याच राज्यांतून येणाऱ्यांना लावला. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच सुमारास मेन राज्यातल्या व्हाइनलहेवन बेटावर काही गावकऱ्यांनी चक्क झाड तोडून रस्त्यावर आडवं टाकलं. कारण, त्या घरात न्यू जर्सीच्या प्लेटवाली माणसं राहत होती. ती माणसं खरं तर बांधकामाच्या कामासाठी आदल्या सप्टेंबरपासूनच तिथे होती आणि कोणी आजारीही नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनात आउटर बँक्सच्या डेअर काउंटीने आधी पर्यटकांना आणि मग २० मार्चपासून बाहेर राहणाऱ्या घरमालकांनाही पुलावरूनच परत पाठवायला सुरुवात केली. पक्की वस्ती सुमारे ३७ हजार, हॉस्पिटल एकच, तेही वीस-एकवीस खाटांचं, आणि उन्हाळ्यात लोक येतात लाखांनी. सहा घरमालक एप्रिलमध्ये फेडरल कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं माझ्यासारखंच : घर आमचं, कर आमचा, मग बंदी का? मे महिन्यात काउंटीने घरमालकांना टप्प्याटप्प्याने आत घेतलं आणि दावा पुढे तडजोडीत मिटला.

गंमत म्हणजे न्यू जर्सी स्वतः काय करत होती? आमचे गव्हर्नर मर्फी लोकांना सांगत होते की शोअरवरच्या दुसऱ्या घरांत जाऊ नका, आहात तिथेच थांबा. २८ मार्चला सीडीसीने न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कनेटिकटच्या लोकांनी चौदा दिवस गरजेशिवाय प्रवास टाळावा असं सांगितलं. आणि २४ जूनला याच तीन राज्यांनी मिळून जाहीर केलं की जास्त लागण असलेल्या राज्यांतून जो येईल त्याने चौदा दिवस क्वारंटाईन व्हावं. म्हणजे मार्चमध्ये ज्यांना हाकललं, तेच जूनमध्ये वेशीवर उभे!

आता जरा मागे जाऊ. १९१६ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्क शहरात पोलिओची मोठी साथ आली. नऊ हजारांवर रुग्ण, सुमारे २४०० मृत्यू, बहुतेक लहान मुलं. ज्यांना शक्य होतं ते आईबाप मुलांना घेऊन शहराबाहेर निघाले. सोळा वर्षांखालच्या मुलाला शहर सोडायचं तर आरोग्याचा दाखला लागू लागला. तरीही अनेक गावांनी दाखला असून परत पाठवलं. होबोकेनने शहरात शिरायच्या वाटांवर पोलीस बसवले. आज आपले निम्मे मित्र त्याच होबोकेनमधून ट्रेन पकडून मॅनहॅटनला जातात! त्या साथीत एक गोष्ट दिसली. उन्हाळी बंगला असणारे लवकर सुटले आणि गरीब वस्तीतले, विशेषतः नुकते आलेले इटालियन, तिथेच राहिले. वर साथीचा दोषही त्यांच्याच माथी मारला गेला.

त्याही आधी १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत जे झालं ते तर थेट आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. साडेआठ लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरातून लाखो लोक पळाले. गावोगाव त्यांची भीती, रेल्वे स्टेशनांवर तपासण्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपली प्लेगची लस मुंबईत स्वतःलाच टोचून घेतली होती. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे तेच हे हाफकिन.

ही लस तीन वर्षांत पॅसिफिकच्या काठावर पोचली. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये मार्च १९०० मध्ये प्लेगने एक मृत्यू झाला. मे महिन्यात हुकूम निघाला की हाफकिन लसीचा दाखला नसेल तर आशियाई माणसाने शहर सोडायचं नाही. गोऱ्यांना असं काही बंधन नाही. चायनाटाउनभोवती दोर बांधून वेढा घातला, तोही असा की मध्ये येणारी गोऱ्यांची दुकानं बरोबर वगळलेली. वाँग वाई नावाच्या चिनी व्यापाऱ्याने कोर्टात धाव घेतली. जज विल्यम मॉरो यांनी २८ मे रोजी प्रवासबंदी आणि जूनमध्ये दुसऱ्या एका दाव्यात वेढाही रद्द केला. साथ रोखायचा सरकारचा अधिकार त्यांनी नाकारला नाही. फक्त म्हटलं की वंश बघून लावलेला नियम हा साथ रोखायचा नियम नव्हे. दोनच वर्षांनी, १९०२ मध्ये, सुप्रीम कोर्टाने लुइझियानाच्या एका खटल्यात उलट बाजूही स्पष्ट केली. साथीच्या भागात धडधाकट माणसांनाही येऊ न देण्याचा अधिकार राज्याला आहे, असा तो निकाल.

आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉलचा नियम पॅकेटमध्ये काय आहे ते बघून लावायचा, की फक्त आयपी ॲड्रेस बघून, हाच हा वाद आहे. ॲड्रेस बघून अडवणं सोपं, स्वस्त, आणि कधीकधी वेळेअभावी तेवढंच शक्य असतं. पण मग चुकीची माणसं अडतात आणि बरोबर ओळखीची सुटतात.

कोलोरॅडोतल्या गनिसनचं उदाहरण मला यात सगळ्यात विचार करायला लावणारं वाटलं. १९१८ च्या फ्लूमध्ये या डोंगरातल्या काउंटीने रस्त्यांवर अडथळे उभारले. रेल्वेतून जो उतरेल त्याला काही दिवस वेगळं ठेवायचं, मग तो परका असो की घरी परतणारा गावकरी. हे सुमारे चार महिने चाललं आणि त्या काळात गनिसन गाव त्या साथीतून जवळपास पूर्ण बचावलं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ मध्ये अशा मोजक्या बचावलेल्या जागांचा अभ्यास केला, त्यात गनिसन आहे. १०२ वर्षांनी याच काउंटीने पुन्हा वेस बंद केली, पण यावेळी बाहेर राहणाऱ्या घरमालकांना नेमकं वेगळं काढून. त्यातले बरेच टेक्सासचे. टेक्सासचे ॲटर्नी जनरल पॅक्स्टन यांनी ९ एप्रिल २०२० ला पत्र पाठवून आक्षेप घेतला. १९१८ मध्ये प्रश्न 'तू आत्ता कुठून आलास' हा होता, २०२० मध्ये 'तू मूळचा कोण' असा झाला.

आता भाईची गोष्ट.

२०२० मध्ये गणपती २२ ऑगस्टला होते. जुलैमध्ये कोकणातल्या गावागावांत एकच विषय : चाकरमान्यांना येऊ द्यायचं का, आणि दिलं तर किती दिवस वेगळं ठेवायचं? कुठे चौदा, कुठे दहा. शेवटी सरकारने ठरवलं की १२ ऑगस्टपर्यंत पोचणाऱ्यांना दहा दिवस विलगीकरण आणि नंतर येणाऱ्यांना टेस्ट. जिल्हा ओलांडायला ई-पास होताच. आमच्या वाडीतही बैठक झाली. बाबा वाडीतले जुने शिक्षक, म्हणून त्यांना विचारलं गेलं. बाबांनी मला विचारलं, मी अमेरिकेत राहून रोज आकडे बघणारा शिकलेला माणूस म्हणून.

भाई मुंबईत बस कंडक्टर. लॉकडाउनमध्येही रोज ड्यूटी. लालबागला एका खोलीत पाच माणसं. बाबा सत्तरीचे, त्यांना डायबेटीस. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "बाबा, त्याला दहा दिवस शाळेत राहायला सांगा. जमत नसेल तर यंदा नको." वैद्यकीयदृष्ट्या मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. भाईला रजा मिळाली होती पाच दिवसांची. दहा दिवस शाळेत काढून गणपतीला घरात यायचं, हे त्याला शक्यच नव्हतं. नियम सगळ्यांना सारखा होता, पण रजा सगळ्यांना सारखी नव्हती. एप्रिलमध्येच एक बडं कुटुंब गृहखात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं पत्र घेऊन खंडाळ्याहून महाबळेश्वरच्या बंगल्यात पोचलं होतं, तेही पेपरात आलेलं होतं. कंडक्टरला असं पत्र कोण देणार?

भाईचा मला फोन आला. "माझ्याच घरात जावक माका पास होयो?" घरपट्टीवर त्याच्या वडिलांचं नाव आहे, दरवर्षीच्या खर्चात त्याचा निम्मा वाटा असतो. मी साथ, वय, धोका असं सगळं समजावून सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग शांतपणे म्हणाला, "तू मार्चात त्या डोंगरातल्या घरात गेलंस ना? ग्रुपवर फोटो टाकलंस. तुका कोणी शाळेत ठेवलान?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी न्यू जर्सीतून, म्हणजे त्या वेळी देशातल्या सगळ्यात वाईट भागांपैकी एकातून, एका छोट्या हॉस्पिटलच्या गावात गेलो होतो. तिसऱ्या दिवशी दुकानात दूध आणायलाही गेलो होतो. चिठ्ठी लिहिणारा माझ्या प्लेटवरून माझ्याबद्दल जे समजला, तेच मी भाईच्या नोकरीवरून समजलो. फरक एवढाच की मला चिठ्ठी मिळाली तरी घर मिळालं, आणि भाईला घरही मिळालं नाही. त्या वर्षी आमच्या गणपतीची आरती बाबांनी आणि शेजाऱ्यांनी केली. भाईने ती लालबागच्या खोलीतून व्हिडिओ कॉलवर बघितली.

वेस बंद करणं मुळातच चूक, असं मला म्हणायचं नाही. वीस खाटांच्या हॉस्पिटलवाल्या गावाची भीती खरी असते, आणि आमच्या तालुक्याची तर त्याहून खरी. पण इतिहासातून मला दोन-तीन गोष्टी कळल्या. नियम माणूस कुठून आला यावर असावा, तो कोण आहे यावर नसावा. तो परतणाऱ्या गावकऱ्यालाही लागावा. आणि ज्याला थांबवलं त्याच्या थांबण्याचा खर्च, म्हणजे जेवण, जागा, रजा, त्याच्या एकट्यावर पडू नये. आम्ही घरच्यांनी भाईचा पाच दिवसांचा बुडीत पगार भरायला हवा होता. मला तो सहज परवडला असता. सुचलं मात्र नाही.

२०२३ मध्ये गणपतीला गावी गेलो तेव्हा त्याला हे बोलून दाखवलं. तो माडाच्या झावळ्या ओढत होता. म्हणाला, "जाऊदे रे, झाला ता झाला. तो टोक पकड." झावळीचं दुसरं टोक मी पकडलं. पासबद्दल विचारायचं मात्र त्याने अजून सोडलेलं नाही.

असो. बरंच लांबलं. तुमच्यापैकी कोणी त्या वर्षी वेशीच्या आत होतं, कोणी बाहेर. काहीजण माझ्यासारखे दोन्हीकडे असतील. तुमच्या घरी काय झालं ते जरूर लिहा.

चूभूद्याघ्या.