माकडताप : काजूच्या हंगामातच का येतो, कसा टाळायचा?

सिंधुदुर्ग : काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम जवळपास एकच. डिसेंबर-जानेवारीत सुरू होऊन मे महिन्यापर्यंत हा ताप डोकं वर काढतो. बागेत गेल्याशिवाय बी घरात येत नाही आणि धोका बागेतल्या पाचोळ्यातच असतो. त्यामुळे जंगलालगतच्या शेतकऱ्यांनी हा आजार नीट समजून घ्यायला हवा.

आजार कुठून आला?

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या भागात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसंही तापाने आजारी पडली. पुण्याच्या संशोधकांनी यामागचा विषाणू शोधला. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये काजू बागेत जाणारी माणसं दगावली. २०१६ मध्ये दोडामार्ग आणि पुढच्या वर्षी बांदा परिसरात रुग्ण सापडले.

दोष माकडाचा का?

नाव माकडाचं असलं तरी ताप पसरवते ती गोचीड, म्हणजे आपल्याकडची पिसू. माकड स्वतःच या तापाने मरतं. ते मेलं की अंगावरच्या पिसवा उतरून आजूबाजूच्या पाचोळ्यात पसरतात. त्यांची पिल्लं इतकी बारीक असतात की चावली तरी चटकन कळत नाही.

यात माणसाचाही हात आहे. जंगल तोडून शेती, बागा केल्या की माणूस, गुरं आणि माकडं एकाच पट्ट्यात येतात. जंगलात चरणाऱ्या गुरांचं रक्त पिऊन मोठ्या पिसवा वाढतात, अंडी घालतात. गुरांना हा ताप येत नाही, पण पिसवांची संख्या वाढते. दक्षिण कन्नड जिल्ह्यात १९८२-८३ ची मोठी साथ काजू लागवडीसाठी जंगल साफ केल्यानंतरच आली होती.

लक्षणं कोणती?

पिसू चावल्यावर साधारण ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून जोराचा ताप, डोकेदुखी, प्रचंड अंगदुखी, उलट्या. काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येतं. काहींना बरं वाटल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप उलटतो. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावू शकतात. माणसापासून माणसाला मात्र हा ताप होत नाही. त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकल्यासारखं वागवू नये.

काय काळजी घ्यावी?

* बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पॅण्ट आणि बूट घालावेत. उघड्या अंगाला आरोग्य विभागाकडून मिळणारं पिसू-प्रतिबंधक तेल लावावं.
* पाचोळ्यात बसू, झोपू नये. जेवायलाही टेकू नये.
* घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने अंघोळ करावी, अंग तपासावं.
* भाजावळीसाठी किंवा गोठ्यात अंथरायला जंगलातला पातेरा आणला तर त्यातून पिसू थेट घरापर्यंत येते. हंगामात हे टाळावं.
* गुरांच्या पिसवांवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध करावं.
* मेलेल्या माकडाला हात लावू नये. वन विभाग किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवावं. तिथे कीटकनाशक मारेपर्यंत त्या जागी जाऊ नये.

या विषाणूवर नेमकं औषध नाही, पण वेळेत दाखल झालेला रुग्ण सलाईन आणि देखरेखीने बरा होतो. म्हणून ताप अंगावर काढू नका, मनाने गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांना पहिल्यांदा एकच सांगा : "मी काजूत, रानात जाऊन आलोय."